ह्यांचा भिडू

लग्न होऊन मी घोडेगावहून पिंपळवंडीला आले तेव्हा सासरच्या माणसांनी माझं काय काय पाहिलं असेल कोण जाणे, ह्यांनी पाहिले ते माझे पत्ते. साल चौऱ्याण्णव. चौदा एप्रिलच्या जयंतीला पाहुणे जमलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या जानकाबाई आत्यांच्या ओसरीवर मेंढीकोटाचा डाव बसला. चार माणसं, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, आणि ज्या जोडीकडे दश्श्या, म्हणजे मेंढ्या, जास्त ती जिंकली. कपिल, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "माझी भिडू ही." नव्या नवरीला भिडू घेतलं म्हणून सगळे हसले. संध्याकाळपर्यंत कुणी हसत नव्हतं.

पुढं बारा वर्षं आम्हाला कुणी हरवलं नाही. हे दोघं खुणा करतात, असा आरोप पुष्कळांनी केला. खुणा कशाला लागतात? ह्यांच्या हातातून पान सुटायच्या आधी मला ते माहीत असायचं. हात ह्यांचा होतोय असं दिसलं की मी माझी दश्शी खुशाल त्यावर टाकायची. भिडूचा हात तो आपला हात. संसारात आमचं छप्पन्न वेळा वाजलं, पत्त्यांत कधी नाही.

आळेफाट्यावर आमचं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग आणि चार कॉम्प्युटरचं सायबर कॅफे. टायपिंग माझं, बाकी सगळं ह्यांचं. दोन हजार सहा साली एका गिऱ्हाइकानं ह्यांना इंटरनेटवरचा पोकर दाखवला. दोन पानं आपल्या हातात, पाच सगळ्यांची मिळून टेबलावर उघडी, आणि बोली वाढवत समोरच्याला पळवायचं. पैसे खरे नव्हते, फुकटच्या चकत्या असायच्या. माणसं मात्र खरी होती. कुणी तुर्कस्तानचा, कुणी फिलिपिन्सचा. हे भर दुपारी आळेफाट्यावर बसून त्यांना पळवून लावायचे आणि खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायचे. वर्षभरात टेम्पोवाले, टोमॅटोवाले, शाळेतले मास्तर, सगळे त्याच्या नादी लागले. फॉर्म भरायला आलेल्या पोरींना कॉम्प्युटर रिकामा मिळेना.

एवढं मी सोसलं असतं. पण त्या टेबलावर एक लुसिया होती. इटलीची. नेमकी आमच्या जेवणाच्या वेळेला उगवायची. फोटोच्या जागी तिनं मांजर लावलं होतं. ती डाव जिंकली की हे तिला इंग्रजीतून लिहायचे, छान खेळलीस. बारा वर्षांत मला हे एकदासुद्धा म्हणाले नव्हते.

"कोण ओ ही?" मी विचारलं.

"खेळाडू हाय अगं. लई डोक्याची बाई."

"तुमची भिडू हाय का?"

"पोकरमदी भिडू नसतो. ज्याचा त्यो."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाची लाही लाही झाली. ज्या खेळात भिडूच नाही त्यात हा माणूस इतका रमतो कसा? मग त्या मांजरीला शाबासकी तरी कशाला द्यायची? मला तिचा हेवा वाटत होता, सरळ सांगते. तिनं माझा नवरा नेला असता तर मी चार बायका गोळा करून भांडले असते. तिनं माझी जागा नेली होती, त्यासाठी कुणाकडे जाणार?

मी गिऱ्हाइकांच्या पाठीमागं उभी राहून पंधरा दिवसांत तो खेळ शिकले. माझा टायपिंगचा कॉम्प्युटर प्लायवुडच्या आडोशापलीकडं होता. तिथून मी ह्यांच्या टेबलावर जाऊन बसले. नाव घेतलं मेंढी. ओळखणारा असता तर तेवढ्यावर ओळखता.

पण मी पोकर खेळलेच नाही, मी मेंढीकोट खेळले. लुसियानं बोली लावली की मी ती दुप्पट करायची आणि तिला पळवून लावायची. उरलो आम्ही दोघंच, की पानं टाकून डाव ह्यांना द्यायची. एकदा तर टेबलावरचा धरून माझे तीन एक्के होत होते. टाकले. ह्यांच्यापुढं चकत्यांचा ढीग वाढत गेला आणि आडोशापलीकडून ह्यांचं हसू ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, कळलंय. बोलत नाहीत, पण कळलंय. आठव्या दिवशी मी डब्यात मासवड्या नेल्या.

जेवताना भरत टेम्पोवाला बसला होता. हे त्याला सांगत होते, "राव, एक येडं आलंय टेबलावर. समद्यांना पळवून लावतंय आन् माझ्यापुढं शेपूट घालतंय. रोज धुतोय त्याला."

भरत हसला. मी ह्यांच्या ताटात आणखी एक मासवडी वाढली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांचीही खेळातली खाती बंद झाली. इंटरनेटवरच ह्यांना पोकरच्या कंपनीचं पत्र आलं. आमच्या दुकानातले सगळे कॉम्प्युटर एकाच टेलिफोनच्या तारेवर होते. तुम्ही आणि मेंढी एकाच जागेवरून, एकमेकांसाठी खेळता, अशी तक्रार आली आहे, आम्ही सगळे डाव तपासले आणि ते खरं आहे, असं त्यात लिहिलं होतं. सातासमुद्रापार कुणीतरी आमचे डाव पाहिले होते आणि त्याला दिसलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं.

ह्यांचं डोकं फिरलं. भरतला विचारलं, मास्तरांना विचारलं. नवनाथ नावाच्या एका भल्या गिऱ्हाइकाची तर कॉलर धरली. दुकानात पाय ठेवलेल्या प्रत्येकावर ह्यांचा संशय गेला. तिथंच बसलेल्या माझ्यावर गेला नाही. गेला असता तर मी आनंदानं शिव्या खाल्ल्या असत्या.

संध्याकाळी हे माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "कंपनीला इंग्रजीत उत्तर टाइप कर. मेंढी नावाच्या खेळाडूला मी वळखत न्हाई. माझा त्याचा कायबी संबंध न्हाई. मी एकटा खेळतो."

"बाप्या हाय का बाई?" मी विचारलं.

"बाप्याच आसंल. बाई इतकी येडी नसती."

मी टाइप केलं. खाली ह्यांचं नाव टाकलं.

"वाच बरं."

मी मराठीत अर्थ सांगत सगळं वाचलं. आवाज नीट राहिला.

"बरोबर," हे म्हणाले. "ते एकटा खेळतो तेवढं ठळक कर."

मी ते ठळक केलं आणि पाठवलं.