मंगल टाकीवाला आणि माझी सोळा पाने

बिसनलाल पटले यांच्या घरी उर्वशी सून म्हणून आली, त्याच वर्षी मी दवनीवाड्यात आले. म्हणजे साल १९९९. उर्वशीसोबत तिच्या माहेराहून एक रंगीत टीव्ही आला होता. त्याचा अँटेना आणायला नवरदेव योगराज गोंदियाला गेला. परतीच्या बसला वेळ होता म्हणून तो रेल्वे स्टेशनवर जाऊन बसला. मे महिन्याची दुपार, हवा बंद. त्याने पुस्तकांच्या दुकानात हातपंखा मागितला. तो नव्हता, म्हणून त्याने मला घेतले आणि घरापर्यंत माझाच पंखा करून वारा घेतला. मित्रांनो, माझी पाठ त्या पहिल्याच दिवशी मोडली. म्हणून मी जन्मापासूनच एक जुनी कादंबरी आहे, असे समजा.

आता माझे कूळ सांगते. त्या काळी दर रविवारी सकाळी टीव्हीवर ‘गगनचौकी’ नावाची मालिका लागत असे. आकाशात एक चौकी, चौकीवर एक नौका आणि नौकेवर मोठ्या मिशीचे चौकीप्रमुख समरजित. मालिका अर्धा तास चाले, त्यातला निम्मा वेळ जाहिराती. पोरांची भूक त्यात भागेना. म्हणून एका छापखान्याने त्याच मालिकेच्या चित्रकथा आणि कादंबऱ्या काढल्या. टीव्हीवर जे दाखवायला वेळ नव्हता, ते आमच्यात छापायचे. माझ्या थोरल्या बहिणीत चौकी कोणी बांधली ते होते. दोन चित्रकथांत नौकेवरच्या यंत्रमानवाचे बालपण होते. यंत्रमानवाला बालपण नसते, तरी त्या दोघी सगळ्यांत जास्त खपल्या.

आम्हाला लिहिणाऱ्या गृहस्थांना मात्र तीन अटी होत्या. मोठ्या पात्रांना मारायचे नाही, त्यांची लग्ने लावायची नाहीत आणि समरजितच्या मिशीला धक्का लावायचा नाही. बिचारे फार अडले. शेवटी त्यांनी असा माणूस शोधला की ज्याचे काहीही झाले तरी कोणी विचारणार नाही. तो म्हणजे मंगल टाकीवाला. नौकेच्या पाण्याच्या टाक्या घासणारा. नवव्या भागात तो टाकी दुरुस्त करायला नौकेबाहेर गेला, दोर तुटला, तो अंधारात गेला. समरजितने सलाम केला, नौका पुढे गेली आणि गाणे लागले. संपले. पण माझ्यात, म्हणजे सहाव्या कादंबरीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मंगलच होता. त्याला बायको होती, दमेकरी बाप होता, आणि दोर तुटल्यानंतरचे आयुष्यही होते.

घरी आल्यावर मला योगराजने कोनाड्यात टाकले. तिथून मला त्याच्या आईने, शांतीबाईंनी उचलले. शांतीबाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या अक्षरे शिकल्या. त्यानंतर त्यांनी बसच्या पाट्या वाचल्या, खताच्या पिशव्या वाचल्या, लग्नाच्या पत्रिका वाचल्या. आख्खे पुस्तक कधी वाचले नव्हते.

धानाची कामे आटोपली की पाच-सहा बाया त्यांच्या घरापुढच्या छपरीत बिड्या वळायला बसत. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, तो कापायची कैची आणि जर्दा. हात गुंतलेले, पण कान मोकळे. शांतीबाई मला घेऊन बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. दोनच दिवसांत बायांनी ठरवले की शांतीबाईंनी बिड्या वळायच्या नाहीत, फक्त वाचायचे. त्यांच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या वळून देतील. मित्रांनो, जर्द्यात बसून बसून माझा वास असा झाला की आजही मला नाकाशी धराल तर शिंकाल. पण असा मान आणखी कोणत्या कादंबरीला मिळाला?

एकच माणूस माझ्यावर नाराज होता. बिसनलाल. ते चौथी पास होते आणि टीव्हीचे भक्त होते. रविवारी मालिका लागली की बैलसुद्धा तहानलेले उभे राहत. जे टीव्हीत दिसले ते झाले, जे दिसले नाही ते झाले नाही, असा त्यांचा कायदा. शेजारच्या सुशीलाबाई त्यांना मुद्दाम विचारत, का गा बिसनभाऊ, मंगलले लेकरं किती? बिसनलाल म्हणत, मेलेल्या माणसाची लेकरं कायले मोजून राहिली? आणि बायकोला ऐकवत की पुस्तकात असे काहीच नसेल, ती मनचेच जोडून सांगत असेल. शांतीबाई हसत आणि पुढचे पान उलटत.

एकशे बाराव्या पानावर दोर तुटला. मंगल अंधारात गरगरत निघाला. खाली एक तपकिरी ग्रह दिसला आणि ‘त्याच क्षणी मंगलने’ एवढे लिहून पान संपले. बायांचे हात थांबले. शांतीबाईंनी पान उलटले आणि वाचले की मंगलने सकाळी उठून टाकी घासायला घेतली.

नंदाबाई सर्वांत लहान, पण तिची आठवण पक्की. ती हळूच म्हणाली, काकी, हे तं परवा झालं.

शांतीबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुढचे पान वाचले. तेही झालेले होते. त्याच्या पुढचेही. सुशीलाबाईंनी बिसनलालच्या खाटेकडे एकदा पाहिले. शांतीबाईंना वाटले की अक्षरे आपल्याला सोडून चालली. उशिरा आलेली माणसे आधी जातात, तशी. पुस्तक चुकेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. छापलेले कुठे चुकते का?

त्यांनी मला मिटले आणि सूप ओढून बिड्या वळायला घेतल्या. दुसऱ्या दिवशीही वळल्या. तिसऱ्या दिवशी टीव्हीचे टेबल डुगडुगते असे योगराज म्हणाला, तर त्यांनी मला त्याच्या पायाखाली सरकवले.

मित्रांनो, माझ्या दशेचा विचार करा. ज्या मालिकेच्या पोटी माझा जन्म झाला, ती दर रविवारी माझ्या डोक्यावर चाले. मी खाली दबलेली आणि वर समरजित मिशीला पीळ देतो आहे.

असे अकरा दिवस गेले. बाया येत, मुकाट्याने वळत, लवकर उठून जात. शांतीबाई हो-नाही एवढेच बोलत. साक्षरता वर्गाच्या मास्तरीणबाई रस्त्याने जाताना दिसल्या तर शांतीबाई तोंड चुकवून घरात गेल्या. आनंद बिसनलालना व्हायला हवा होता, पण तो होईना. बाराव्या दिवशी सुशीलाबाई त्यांना म्हणाल्या की तुमचा टीव्ही तर आता पुस्तकाच्या आधाराने उभा आहे. ते त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी टेबल उचलून मला ओढून काढले. या पुस्तकात काही दम नाही हे सगळ्यांसमोर दाखवायचे म्हणून त्यांनी मला पहिल्यांदाच उघडले.

आता बिसनलाल पुस्तक वाचणारे नव्हते, पण जमिनीचे कागद वाचणारे होते. कागद हातात आला की त्यांची नजर मजकुरावर जात नसे, आधी नंबरवर जाई. त्यांनी पानांचे नंबर पाहिले. पुन्हा पाहिले. मग खाट सोडून उठले आणि छपरीत शांतीबाईंसमोर येऊन बसले.

“हे पाय,” ते म्हणाले, “एकशे बारानंतर पुन्हा सत्त्याण्णव. मंग एकशे बारापर्यंत तेच, अन् त्यावर थेट एकशे एकोणतीस. तुया डोळ्याची चूक नाई. तू जे होतं तेच वाचलं. बांधणाऱ्यानं सोळा पानं दोनदा घातली अन् सोळा पानं खाल्ली.”

शांतीबाईंनी एकेका नंबरावर बोट ठेवून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“म्हणजे मले वाचता येते,” त्या म्हणाल्या.

“येते. पुस्तक लबाड हाय, हे तं मी आधीच म्हटलो होतो,” बिसनलाल म्हणाले आणि जिंकल्यासारखे परत खाटेवर गेले.

शांतीबाईंनी लगेच एकशे एकोणतिसावे पान वाचले. मंगल त्या तपकिरी ग्रहावर नांगर धरून चालला होता. वर दोन सूर्य होते. म्हणजे तो वाचला होता. पण कसा? ते खाल्लेल्या सोळा पानांत गेले. आणि त्याच सुमारास टीव्हीवरची मालिकाही मध्येच बंद पडली. आता विचारायचे कोणाला?

छपरी पुन्हा भरली. नंदाबाईचे म्हणणे, पुरात आपण म्हशीचे शेपूट धरून नदी पार करतो, तसे मंगलने धूमकेतूचे शेपूट धरले असेल. सुशीलाबाईंचे म्हणणे, मंगल मेलाच, आणि नांगर धरणारे त्याचे भूत आहे. त्यावर दोन दिवस भांडण चालले. भूत नांगर धरील, पण नांगर भुताला धरू देईल का, इथपर्यंत गोष्ट गेली. उर्वशी नवी सून, सासरी तोवर मान वर करून बोलली नव्हती. ती पहिल्यांदा बोलली ती या भांडणात. तिने विचारले की भुताला दोन सूर्य कशाला लागतील?

शांतीबाई ऐकत होत्या. मग एका सकाळी धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, पाणी सोडताना त्यांच्या हातून पंपाचा पाईप सुटला. पाणी पुढे उसळले आणि पाईपने त्यांना मागे ढकलून चिखलात बसवले. त्या तशाच चिखलात बसून राहिल्या. त्यांना आठवले, नौकेबाहेर जाताना मंगलच्या पाठीवरही पाण्याची एक टाकी होती. त्याने तोटी नौकेच्या दिशेने उघडली, पाणी तिकडे उडाले आणि त्याच्या धक्क्याने मंगल इकडे ग्रहाकडे ढकलला गेला. पण सगळे पाणी संपले. म्हणून ग्रहावर उतरल्याबरोबर त्याने पहिले काम केले ते विहीर खणायचे.

त्यांनी हे लिहून काढले. तोवर त्यांनी सही आणि दोन पत्रे सोडून काही लिहिले नव्हते. योगराजची जुनी वही, पेन्सिल आणि दोन महिने. कोपऱ्यात नंबर घातले, एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. गोष्ट पंधरा पानांतच संपली, पण नंबर जुळला पाहिजे, म्हणून सोळाव्या पानावर ऐकणाऱ्या बायांची नावे लिहिली. मग ती पाने बिडीच्या धाग्याने माझ्या पोटात शिवली. मी अंगाने जाड झाले, पण पूर्ण झाले.

पुढे नऊ उन्हाळे माझे वाचन झाले. गावातली लेकरे ‘विहीर खणणारा मंगल’ असा खेळ खेळत. त्यात समरजित व्हायला कोणी तयार नसे. मग घरोघरी केबल आली, छपरीतल्या बाया कमी झाल्या आणि मी तांदळाच्या कोठीमागे गेले. वाळवीने माझी किंमत छापलेला कोपरा खाल्ला. बाकीचे तिला जर्द्यामुळे आवडले नसावे.

२००९ साली महाशिवरात्रीला उर्वशी जवळच्या नागरा गावच्या जत्रेला गेली. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला माझी जुळी बहीण सापडली. तीच कादंबरी, तेच मुखपृष्ठ, आणि सोळाच्या सोळा छापील पाने जागच्या जागी. उर्वशी आनंदाने घेऊन आली. सासूच्या हातात दिली, तर शांतीबाईंनी ती उघडलीच नाही. तीन दिवस उघडली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सुशीलाबाईंना आणि नंदाबाईला बोलावणे धाडले, आम्हा दोघींना शेजारी ठेवले आणि छापील सोळा पाने स्वतः मोठ्याने वाचली.

त्यांत पंप नव्हता, पाणी नव्हते, विहीर नव्हती. मंगलने हाक मारताच समरजितने नौका वळवली, जाळे टाकून त्याला वर घेतले, आणि उरलेली चौदा पाने समरजितच लढत होता. शेवटी मंगल म्हणाला की मला या ग्रहावर राहायचे आहे.

वाचून झाल्यावर शांतीबाईंनी सुपातली कैची घेतली.

“मी नऊ वर्षं खोटं सांगून राहिली,” त्या म्हणाल्या. “छापलं ते खरं. हे लेकराइले सांगाव लागंल.” आणि त्यांनी माझ्या पोटातल्या धाग्याखाली कैचीचे टोक घातले.

मित्रांनो, धागा ताणला गेला तो मला अजून आठवतो. नंदाबाई ‘काकी, नका ना’ म्हणाली, पण कैची हटली नाही. तेव्हा खाटेवरून बिसनलाल बोलले.

“थांब. नौका वळली कवा?”

“यात लिहिलं हाय ना, योगराजचे बाबूजी.”

“लिहिलं असंल. म्या टीव्हीत पाहिलं हाय. दोर तुटला, त्यानं सलाम ठोकला, नौका सरळ गेली, गाणं लागलं. वळली नाई. ज्यानं हे छापलं त्यानं टीव्हीच पाहिली नाई.” त्यांनी कैचीकडे बोट दाखवले. “तुयं टीव्हीसंग जुळते. त्याचं जुळत नाई. कैची ठेव खाली.”

शांतीबाईंनी कैची काढून घेतली.

“पण एवढं पाणी एका टाकीत पुरलं कसं, ते मले पटत नाई,” बिसनलाल म्हणाले.

“तुम्ही पंपाचा पाईप कवा धरला?” शांतीबाईंनी विचारले.

टीव्हीच्या भक्ताने टीव्हीचाच कायदा लावून मला वाचवले, हे सुशीलाबाई पुढे गावभर सांगत फिरल्या.

तर मित्रांनो, पुस्तकाची शिवण सैल झाली तर त्याला टेबलाच्या पायाखाली घालू नका. दोन टाके घाला. वाचता वाचता अडखळलात तर चूक दर वेळी आपलीच असते असे मानू नका, एकदा पानांचे नंबर बघा. आणि नौका पुढे निघून गेल्यावर जो मागे राहतो, त्याची चौकशी करा. माझा सगळा जन्म तेवढ्याच चौकशीसाठी झाला. आज मी आणि माझी बहीण उर्वशीच्या पेटीत एका फडक्यात असतो. बहिणीची पाने पूर्ण आहेत, अक्षर स्वच्छ आहे, पण लेकरे वाचायला मला मागतात.

बिसनलाल पटले २०१२ च्या मे महिन्यात गेले. शांतीबाई २०१४ साली, धानाची कापणी सुरू असताना, कार्तिकात गेल्या.