सदतीस नंबरची हजेरी

माझ्या पाठीवरचा 'निशाणी चौदा' हा शिक्का बघून मला चोरीचा माल समजू नका, मित्रांनो. कोर्टात पुरावा म्हणून जी वस्तू दाखल होते, तिला असा नंबर देतात, एवढंच. मी साधा हजेरीपट आहे, कायद्याच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाचा. आता कोपरे झडलेत, कसर लागली आहे, आणि कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात मी पालथा पडून आहे.

माझा जन्म एका बांधणीच्या दुकानात झाला. निळ्या आडव्या आणि तांबड्या उभ्या रेघांची माझी पानं एका म्हातारबुवांनी सुईदोऱ्याने शिवली, खळ लावून पुठ्ठा चिकटवला आणि रात्रभर मला वजनाखाली दाबून ठेवलं. सकाळी मला थोपटून ते म्हणाले, "हा खोटं बोलायचा नाही. एक पान जरी फाडलं तरी लगेच कळेल." झालं! ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. जगात दुसरं कोणी खरं बोलत असेल-नसेल, आपण बोलतो, अशी माझी खात्रीच झाली.

कॉलेजात मी घड्याळसरांच्या हाती पडलो. मुलांनीच ठेवलेलं नाव ते. नव्वद मुलांची हजेरी ते तीन मिनिटांत उरकायचे. पद्धत ठरलेली होती. मान खाली, पेन कागदावर. नंबर पुकारायचा, "हजर" ऐकू आलं की ह, नाही आलं की गै, की लगेच पुढचा नंबर. हात वर केलेला चालायचा नाही. मागे कोणीतरी दोन्ही हात वर करून मित्राचीही हजेरी लावली होती म्हणे. सरांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि माझ्यात एकही खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेल्या बाई माझी पानं उलटून म्हणाल्या, "याला म्हणतात रेकॉर्ड!" मी असा फुगलो की शिवण उसवायचीच बाकी राहिली होती.

आता सदतीस नंबरचं सांगतो. ती तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. ती तोतरी होती. बाकीच्या शब्दांतून कशीबशी वाट काढायची, पण 'ह' आला की तिचं घोडं हटकून अडायचं. ओठ उघडे, मानेची शीर ताठ, आणि आवाज मात्र नाही. मागच्या बाकावरची मुलं हसायची. "गेली, हिची रेंज गेली!" तेव्हापासून तिचं नावच रेंज पडलं.

आणि शब्द कोणता, तर हजर! एकदा तास संपल्यावर तिने सरांपुढे चिठ्ठी ठेवली. 'मी "येस सर" म्हटलं तर चालेल का?' सर वाईट नव्हते हो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, "अहो, हजर म्हणायला जमत नाही, तर उद्या कोर्टात अशिलाची बाजू कशी मांडणार? सराव करा. एकीला सूट दिली तर नव्वद जण रांग लावतील." तिचं भलंच करतोय असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं, ते का लपवू?

सुरुवातीला तिचं निभावलं, ते छत्तीस नंबरमुळे. तो मुलगा सकाळी मोबाइलच्या दुकानात काम करायचा, वर्गात कधीच नसायचा. त्याचा नंबर पुकारून सर क्षणभर थांबायचे, गै लिहायचे, आणि तेवढ्या वेळात हिचा शब्द घशात तयार व्हायचा. "हजर." बारीक आवाजात, पण यायचा. मग छत्तीसच्या मित्रांना त्याची कणव आली. मागून कोणीतरी खणखणीत "हजर!" ठोकून द्यायला लागलं. सरांनी त्याचा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता, मग पकडणार कसे? पण त्यामुळे हिचा तो एक क्षण गेला. छत्तीस, हजर, सदतीस, अडतीस. तिचे ओठ हलत राहायचे आणि सरांचं पेन पुढे गेलेलं असायचं.

एक दिवस न राहवून तिच्या शेजारणीने तिच्या वतीने हजर म्हटलं. सरांनी तो आवाज मात्र ओळखला. "पुन्हा प्रॉक्सी दिलीत तर दोघींना वर्गाबाहेर काढीन," म्हणाले. त्यानंतर कोणी तिच्यासाठी तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, मी टेबलावर उघडाच असायचो. ती समोर बसलेली मला दिसायची. भराभरा टिपणं घ्यायची, सरांचे विनोदसुद्धा लिहून काढायची. आणि माझ्या अंगावर तिच्या नावापुढे गै उमटायचं. मला सगळं कळत होतं. पण बांधणीवाल्या म्हातारबुवांचं वाक्य आठवून मी स्वतःची समजूत घालायचो, की आपल्यात लिहिलंय तेच खरं. लाज वाटते आता सांगताना.

वर्ष संपत आलं. ऐंशी तास झाले होते, परीक्षेला बसायला साठ हजेऱ्या हव्या होत्या. सदतीस नंबरच्या भरल्या एक्कावन्न. फलकावर यादी लागली, परीक्षेला बसता येणार नाही. छत्तीस नंबर आरामात पास झाला होता, त्रेसष्ट!

तिचे वडील टंकलेखक. कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून ते लोकांचे अर्ज टाइप करत. "मी जन्मभर फाटकाबाहेर बसलो, तू आत उभी राहा," असं तिला लहानपणापासून सांगत आलेले. ते कॉलेजात आले, सरांपुढे हात जोडून उभे राहिले. सरांनी माझ्यावर बोट ठेवलं. "हे मी म्हणत नाही, हजेरीपट म्हणतोय."

वडिलांनी मुलीचा अर्ज स्वतः टाइप केला. एका ओळखीच्या वकीलबाईंनी तो कोर्टात लावला आणि मला तिथे हजर करण्यात आलं. माझ्याशेजारी तिची टिपणांची वही ठेवली. गै पडलेल्या एकोणतीस दिवसांपैकी पंचवीस दिवसांची टिपणं तिच्यात होती, तारखेसकट. वकीलबाई तिला म्हणाल्या, "दोन्ही शेजारी शेजारी उघडून दाखवायचं, बस. आजच हुकूम मिळेल, उद्या पेपरला बस." दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिला पेपर होता.

कोर्टात माणसांची ही गर्दी. वकीलबाईंना वरच्या मजल्यावर दुसरं काम निघालं. "आपला नंबर लांब आहे, आलेच मी," म्हणून त्या गेल्या. पण मधली प्रकरणं पटापट उरकली. वडील घाबरून त्यांना बोलवायला जिन्याकडे पळाले. आणि नेमका तेव्हाच शिपायाने पुकारा केला, आधी अर्जाचा नंबर, मग तिचं नाव. "हजर आहेत का?"

ती शेवटच्या बाकावरून उठली. पुढे काळ्या कोटांची भिंत होती. तिने हात वर केला, पण उंचीने पडली लहान. मला दिसली ती, दोन खांद्यांच्या मधून. ओठ उघडे होते, मानेची शीर ताठ होती.

शिपायाने तीनदा पुकारा केला.

"कोणी नाही, साहेब," तो म्हणाला. साहेबांची मान कागदातच होती. त्यांनी लिहिलं, 'अर्जदार गैरहजर. अर्ज फेटाळला.' ती धक्के खात टेबलापर्यंत पोचली, तेव्हा पुढचं प्रकरण सुरू झालं होतं. तिने माझ्यावर तळहात ठेवला. ओला होता. शिपाई म्हणाला, "बाई, मागे व्हा."

वकीलबाई रडकुंडीला आल्या. अर्ज पुन्हा घ्यावा म्हणून त्यांनी विनंती केली, ती मान्यही झाली, पण तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. तोवर सगळे पेपर होऊन गेले. त्या तारखेला साहेबांनी मला आणि वहीला शेजारी शेजारी उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग साक्षीला बोलावलेल्या सरांना विचारलं, "हजेरी घेताना तुम्ही वर बघत होतात का?"

सर खरं बोलले. "नाही साहेब. आवाज आला की ह." आणि खाली बसताना त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

निकालात लिहिलं गेलं, की विद्यार्थिनी वर्गात हजर होती. परीक्षा होऊन गेल्यामुळे तिने पुढल्या वर्षी बसावं. वकीलबाई म्हणाल्या, "जिंकलो आपण." वडिलांनी मान हलवली. पुढल्या वर्षी ती बसली नाही. इथले कारकून बोलतात ते माझ्या कानावर येतं. फाटकाबाहेर आता दोन टेबलं आहेत. दुसऱ्यावर ती बसते, खाली मान घालून लोकांचे अर्ज टाइप करते. नाव विचारलं तर कागदावर लिहून दाखवते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. उद्या तुमच्याही हाती माझ्यासारखा एखादा हजेरीपट येईल. नंबर पुकारलात की मान वर करा आणि समोर कोण बसलंय ते बघा. चुकलं असेल तर बेलाशक खोडा, पान खराब झालं तरी होऊ द्या. माझ्यात अजूनही एक खाडाखोड नाही. निकाल लागला, पण माझ्या पानावर कोणी पेन टेकवलं नाही. सदतीस नंबरपुढे ती पंचवीस गै आजही मोत्यासारख्या अक्षरात तशीच आहेत.