झिवोमिरच्या गालांवरचा लाल

"पडदा ओढ. ह्याला ऊन खपत नाही," तिहोमिर म्हणाला. "आमच्या सासूबाईंसारखं."

"माझ्या आईला नावं ठेवाल तर कॉफी मिळायची नाही, भाऊजी."

दोब्रिलाने पडदा ओढला आणि भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाली. तिहोमिरने नव्या मॉनिटरवर एक लहानसं काळं यंत्र टेकवलं, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. मॉनिटरच्या काचेवर आता एकेक रंग उमटणार होता. यंत्र तो मोजणार, मॉनिटर कुठे खोटं बोलतो ते शोधणार आणि त्याला सरळ करणार. माणसांनी नुसतं बसून राहायचं.

लाल.

नेगोतिन गावातल्या एका गल्लीत दोब्रिला मेलेल्यांच्या फोटोंतले चेहरे नीट करायची. लग्नाच्या घोळक्यातून एखादा चेहरा अलगद सोडवायचा, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, डोळ्यांत थोडा उजेड घालायचा. मग तो चिनीमातीच्या लंबगोल तुकड्यावर भाजला जाई आणि थडग्याच्या दगडावर बसे. भट्टी दूरच्या शहरात होती. तुकडे तिथून परस्पर दगडवाल्याकडे जात.

हिरवा.

खोली पाण्याखाली गेली. तिहोमिरच्या टकलावर शेवाळ उगवलं. आता कपाटामागून एखादा मासा निघेल, असं तिला वाटलं, आणि निघाला असता तर तिला नवलही वाटलं नसतं.

निळा. पांढरा. मग करडा, त्याहून गडद करडा, त्याहूनही

तिचा डोळा लागला असावा. त्या करड्यात सगळे येऊन उभे होते: पाववाला, शाळेतल्या बाई, नदीत बुडालेले दोघे भाऊ. कुणालाच रंग नव्हता. तक्रार कुणाचीच नव्हती. ज्याचा त्याचा रंग घेऊन घरी जायचं, एवढ्यासाठीच ते थांबलेले

"झालं!" तिहोमिर म्हणाला. "आता हा सज्जन झाला. उघड काहीतरी."

तिने पूर्वी थडग्यासाठी केलेला झिवोमिरचा फोटो उघडला. त्याची बायको स्तामेना आज यायची होती. झिवोमिर गेला तेव्हाच दगडावर तिचंही नाव कोरलेलं होतं, जन्मसाल होतं, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरा दगड. तिच्या फोटोची जागा तेवढी रिकामी राहिली होती. ती आता, जिवंतपणीच, तिला भरून घ्यायची होती.

"अरे बापरे," तिहोमिर म्हणाला. "हा कुठून पिऊन आला?"

झिवोमिरचे गाल बीटासारखे होते.

दोब्रिलाने जवळ सरकून बघितलं आणि तिला उमगलं. जुना मॉनिटर म्हातारपणी हिरवट झाला होता, इतक्या हळू की तिला ते कळलंच नाही. त्याच्यावर प्रत्येक चेहरा आजारी दिसे आणि ती त्याला लाली देई. वर पुन्हा, भट्टी लाल रंग खाते असं धंद्यात सगळेच म्हणत, म्हणून आणखी चिमूटभर. कबरस्तानात गेल्यावर चेहरे रसरशीत दिसत, तेव्हा तिला वाटे, उन्हामुळे असेल.

गावचे सगळे मेलेले तिने झिंगवून ठेवले होते.

स्तामेना धापा टाकत आली, खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा रुमाल सोडायच्या आतच म्हणाली, "मला तरुण करू नकोस हं पोरी. त्याच्याशेजारी त्याची मुलगी दिसेन."

दोब्रिलाने तिचा फोटो उघडला. खरा रंग होता: फिकट, नाकापाशी किंचित पिवळसर, थकलेला, सुंदर. शेजारी तिने झिवोमिरला ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"मावशी, त्यांचा मी नव्याने करून देते. पैसे नकोत. जुना तुकडा काढून दगडवाला नवा बसवेल. मग तुम्ही दोघं एका रंगाची दिसाल."

स्तामेना वाकून बघत राहिली.

"ह्याने आयुष्यात थेंब घेतला नाही," ती म्हणाली. "पोस्टात चिकटवायचा डिंक होता ना, तसा होता हा. पांढरा आणि गप्प."

"तेच म्हणते मी. त्यांचा खरा रंग..."

"थांब गं. तुझा तुकडा लागला त्या दिवशी माझी जाऊबाई म्हणाली, स्तामेना, तुझ्या नवऱ्याला मरण मानवलेलं दिसतंय. मी चिडले. मग दर शनिवारी जायला लागले. त्याच्याशी भांडायची. आणि हा तिथून बघायचा, आत्ता काहीतरी वात्रट बोलेल असा. घरात कधी असं बघितलं नव्हतं त्याने." तिने रुमाल पुन्हा बांधला. "तो पांढरा मला ठाऊक आहे. त्याच्याबरोबर चाळीस वर्षं राहिले. आता ह्याच्याबरोबर राहायचंय. मला ह्याच्याएवढी लाल कर."

"खोटं दिसेल, मावशी."

"दिसू दे. खरी बाई खाली असेलच की."



दोब्रिलाने लाल वाढवायला घेतला. पूर्वी ती चेहरा बरा दिसेपर्यंत वाढवायची. आज तो बरा दिसला तिथून ती पुढे गेली. आता प्रत्येक पावलाला खोटं किती, ते तिला नेमकं दिसत होतं. "अजून," स्तामेना म्हणत होती. "अजून. कंजूषपणा कसला करतेस?" गाल तापले, ओठ पिकले, आणि एका क्षणी ती दोघं एकाच लग्नातून घरी निघाल्यासारखी झाली.

"बस," स्तामेना हळूच म्हणाली.

तुकडा बसवला त्या शनिवारी दोब्रिला मुद्दाम कबरस्तानात गेली. दगडवाला हत्यारं आवरून गेला होता. स्तामेनाने दोन कपांत कॉफी ओतली, एक दगडाच्या कडेवर ठेवला, एक हातात घेतला आणि समोर बसून बडबडायला लागली. छपराची कौलं, महागलेली मिरची, जाऊबाईचे गुडघे. वर ती दोघं लालबुंद होऊन ऐकत होती.

दोघांच्या मधला काळा दगड घासूनपुसून आरशासारखा केलेला होता. त्यात खालून तिसरा चेहरा उमटला होता, फिकट, ओठ हलत असलेला. दोब्रिलाची सावली त्याच्यावर पडत होती. ती दोन पावलं मागे सरली.