देवदत्तचा ड्राफ्ट आणि लाल मार्कर

मित्रांनो, मी शाळेतला काळा फळा नाही. खडूची धूळ माझ्या वाट्याला कधी आली नाही. मी ऑफिसातला पांढरा फळा. पत्र्यावर गुळगुळीत मुलामा चढवून मला एका कारखान्यात तयार केलं, चारी बाजूंनी चौकट बसवली आणि मार्कर ठेवायला खाली एक पट्टी दिली. माझ्यावर लिहायचं आणि काम झालं की पुसून टाकायचं. माझा जन्म त्यासाठीच झाला होता.

माझी पहिली नोकरी श्टुटगार्टजवळ, गेर्लिंगेनमधल्या एका लहान कंपनीत होती. तिथे मीटिंगच्या खोलीत इंजिनियर लोक माझ्यावर पंपांच्या आणि झडपांच्या आकृत्या काढायचे. "हा फळा किती छान पुसला जातो!" असं कुणी म्हटलं की मला धन्य वाटे. पुढे खोलीत मोठा स्क्रीन आला. मला हलवताना माझा एक कोपरा दुमडला, आणि मग श्पेरम्युलच्या दिवशी मी रस्त्यावर आलो. श्पेरम्युल म्हणजे घरातलं जुनं सामान फुटपाथवर काढून ठेवायचं. ज्याला हवं त्याने न्यावं, उरलेलं गाडी घेऊन जाते. एका फाटक्या सोफ्याला टेकून मी गाडीची वाट बघत होतो.

गाडीच्या आधी देवदत्त आला.

देवदत्त मूळचा मिरजेचा, मेकॅनिकल इंजिनियर. उंच, सडपातळ, आणि एका जागी उभं राहणं त्याला माहीतच नव्हतं. फोनवर बोलतानासुद्धा तो घरभर चालायचा. त्याच्याबरोबर त्याचा मित्र उत्कर्ष होता.

"उत्क्या, हा बघ! ड्राफ्टसाठी झकास!"

"अरे, पण नेणार कसा? ट्राममध्ये घेतील का?"

"डोक्यावरून नेऊ. धर तिकडून."

आणि दोघे मला डोक्यावर घेऊन, चढाची वाट तुडवत, हसत हसत घरी आले. २०११ सालचा तो उन्हाळा होता.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे मला त्या घरात कळलं. देवदत्तने मराठी मित्रमैत्रिणींची एक फँटसी फुटबॉल लीग काढली होती. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतली मोठी फुटबॉल स्पर्धा, सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये सगळे जमत. एकेकाने पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंमधून एक नाव घ्यायचं. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग वर्षभर तो खेळाडू मैदानावर जसा खेळेल, तसे गुण तुमच्या खात्यात. जो शेवटचा येईल, त्याला पुढच्या वर्षी पहिली निवड. सगळी नावं माझ्यावर लिहिली जात. कोलोनहून त्यांची मैत्रीण ऋचा ट्रेनने यायची, येताना केक आणायची. देवदत्तची बायको सुरेखा साबुदाण्याचे वडे तळायची. त्यांची मुलगी इरा तेव्हा लहान होती. ती माझ्या खालच्या कोपऱ्यात मासे काढायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

पहिल्या वर्षी देवदत्तने एक नावाजलेला फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारा खेळाडू घेतला. थोड्याच आठवड्यांत त्याचा गुडघा गेला आणि देवदत्त शेवटचा आला.

पुढच्या ऑगस्टमध्ये बाकीचे येण्याआधीच देवदत्तने लाल मार्कर उचलला आणि माझ्या कपाळावर लिहिलं: "पहिल्या फेरीत फॉरवर्ड नको." त्या वर्षी त्याने बचावपटू गोळा केले. उत्कर्षने शांतपणे दोन फॉरवर्ड घेतले आणि तो जिंकला. तिसऱ्या वर्षी देवदत्तने मागच्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा निवडला. त्याने नुकताच क्लब बदलला होता. नव्या क्लबने त्याला बाकावर बसवलं. झालं! "क्लब बदललेले नकोत." मग "तिशीपुढचे नकोत." मग "वर्ल्ड कप खेळून दमलेले नकोत." दर मोसमाचा धडा दर ऑगस्टला माझ्यावर चढत गेला. नावं पुसली जायची, पण लाल अक्षरांना फडकं लावायची कुणाला परवानगी नव्हती.

"पुसू नका, हा अनुभव आहे," देवदत्त म्हणायचा.

मित्रांनो, पांढऱ्या फळ्यावर शाई फार दिवस राहिली की ती मुलाम्यात मुरते. मला ते जाणवत होतं. पण फळ्याला बोलता कुठे येतं?

या काळात मी तीन गावं पाहिली. गेर्लिंगेनहून कोलोन, कोलोनहून एर्लांगेन. दर वेळी मला भिंतीवरून काढायचं, ड्रिलची भोकं लांबी भरून बुजवायची, भिंत पांढरी रंगवून घरमालकाला किल्ल्या द्यायच्या, आणि नव्या भिंतीला पुन्हा भोकं पाडायची. नव्या घरात टांगल्यावर मी मनात म्हणायचो, आता इथे तरी स्थिर होऊ. तेवढ्यात देवदत्त माझ्यासमोर येरझारा घालायला लागायचा, आणि मला कळायचं की याच्या मनात पुन्हा काहीतरी शिजतंय.

इरा तीन शाळांमधून गेली. मासे काढायचं तिने केव्हाच सोडलं होतं. आईबाबा मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. सुरेखा पुण्यात फार्मासिस्ट होती. तिची पदवी जर्मनीत ग्राह्य धरली जावी म्हणून तिने गेर्लिंगेनमध्ये भाषेचे क्लास केले, कोलोनमध्ये परीक्षेची तयारी अर्ध्यावर सोडली, आणि एर्लांगेनमध्ये आल्यावर ती परीक्षा दिली. २०१७च्या वसंतात तिला तिथल्या एका औषधाच्या दुकानात नोकरी लागली. पांढरा कोट घालून ती माझ्या चकचकीत पृष्ठभागात स्वतःला बघायची. लाल अक्षरांच्या मधून जेवढं दिसेल तेवढंच.

त्या ऑगस्टमध्ये ड्राफ्टसाठी सगळे एर्लांगेनला आले. देवदत्त पुन्हा शेवटचा आला होता, म्हणजे पहिली निवड त्याची. दुपारची वेळ होती. तो मार्कर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. एका खेळाडूचं नाव त्याच्या ओठांवर आलं. तो फॉरवर्ड होता. दुसऱ्याने क्लब बदलला होता. तिसरा तिशीपुढचा. वडे गार होत चालले.

"अरे, घे की कुणीतरी!" ऋचा म्हणाली. "माझी परतीची ट्रेन आहे."

तेवढ्यात टेबलापाशी बसलेली इरा फोनमधून मान वर न करता म्हणाली, "पापा, डा इस्ट या आलेस फरबोटन."

म्हणजे, इथे तर सगळ्यालाच बंदी आहे.

सगळे हसले. देवदत्त हसला नाही. मार्कर पट्टीवर ठेवून तो बाल्कनीत गेला. त्याच्यामागे उत्कर्ष गेला. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"देवा, रागावलास?"

"नाही रे. मी इतका अभ्यास करतो, मागचं सगळं लक्षात ठेवतो, आणि तरी तूच जिंकतोस. काय करतोस तू?"

"काही नाही. मीही चुकतो. पण चुकलो की एक नाव खोडतो, सगळी जमात नाही. तुझ्या त्या पहिल्या फॉरवर्डचा गुडघा गेला, त्यात तुझी निवड कुठे चुकली? ते नशीब होतं. त्याचा तू नियम केलास."

देवदत्त कठड्याला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "हांबुर्गहून ऑफर आलीय. सोमवारी कळवायचंय. अजून घरी बोललो नाही."

पण सुरेखा चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. तिने ट्रे दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला.

"गेर्लिंगेन का सोडलं होतं आपण?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"सुरेखा, आपण नंतर..."

"नाही, आत्ता सांग. का सोडलं?"

"साहेब बोलू देत नव्हता. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा."

"आणि कोलोन?"

देवदत्तने खाली बघितलं. "तिथला साहेब काहीच बोलायचा नाही. एकदम मोकळं सोडलं होतं."

"मग एर्लांगेन का सोडायचं? इथे काय वाईट आहे?"

तो रस्त्याकडे वळला. खाली रस्त्यावरून सायकली जात होत्या. शेवटी तो म्हणाला, "इथे काही वाईट नाही. सगळं ठीक चाललंय. त्याचीच धास्ती वाटते मला. वाटतं, आता कुठल्याही क्षणी काहीतरी बिघडेल. त्याच्या आधीच निघावं."

"मला नोकरी लागून चार महिने नाही झाले रे," सुरेखा म्हणाली.

मग इरा उठली. बाल्कनीच्या दारात येऊन ती अडखळत, पण मराठीत बोलली. "बाबा, मी नाही येणार. आल्झो... म्हणजे, तुम्ही जा. मी इथेच राहणार. मला इथे मैत्रिणी आहेत आता."

देवदत्त तिच्याकडे बघत राहिला. ती इतकी उंच झाल्याचं त्याला जणू आत्ताच दिसत होतं. तो आत आला. त्याने सुरेखाला विचारलं, "हे लाल कशाने जाईल?"

तिने कपाटातून स्पिरिटची बाटली काढून दिली. देवदत्तने घासायला सुरुवात केली. मला आधी झोंबलं, मग गार गार वाटलं. उत्कर्षने दुसरं फडकं घेतलं, इराने तिसरं. लाल अक्षरं गेली, पण खाली एक फिकट गुलाबी डाग उरला. कितीही घासला तरी तो गेला नाही.

"राहू दे तो," देवदत्त म्हणाला. त्याने काळा मार्कर घेतला आणि ज्या फॉरवर्डचं नाव मघापासून ओठांवर होतं, ते लिहून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गार झालेले वडे संपले.

सोमवारी त्याने हांबुर्गला नकार कळवला. म्हणून लगेच शांत झाला असं मात्र नाही. पानगळीत तो माझ्यासमोर इतक्या फेऱ्या मारायचा, की खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तक्रार घेऊन वर आल्या. कधी तो हांबुर्गमधल्या घरांचे फोटो बघत बसायचा आणि सुरेखा आली की फोन उलटा ठेवायचा. पण किल्ल्या परत द्यायची वेळ आली नाही.

थंडीत एका शनिवारी इरा आणि तो सामना बघत होते. त्याचा फॉरवर्ड दुसऱ्या खेळाडूवर आदळून पडला आणि पाय धरून मैदानावर लोळू लागला. स्ट्रेचर आलं. इराने भीत भीत बाबांकडे बघितलं. आता हा उठणार आणि नवा नियम लिहिणार, असं मलाही वाटलं.

देवदत्त जागचा हलला नाही. टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाला, "लागलं रे बिचाऱ्याला."

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांच्या घरात कुणा खेळाडूबद्दल असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढे ड्राफ्ट फोनवर होऊ लागला आणि मी तळघरात आलो. इथे ओल आहे, अंधार आहे, आणि माझी चौकट गंजत चालली आहे. तुमच्याकडे एखादा पांढरा फळा असेल, तर त्याला माझ्यासारखं टाकून देऊ नका. त्याच्यावर खुशाल चुका लिहा, त्यांच्याकडून शिका, पण काम झाल्यावर वेळेवर फडकं फिरवा. फळ्याला रिकामी जागा लागते. माणसांनाही लागत असावी.