कोरी रांग

भिंगरीचं रक्त तपासायला आलं ते तिच्या मावशीच्याच प्रयोगशाळेत. पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडायची म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता तिला भिंत धरल्याशिवाय खोली ओलांडता येत नव्हती. डॉक्टरांना एका आजाराची शंका होती.

डीएनए तपासायच्या जेलच्या थरावर बाकीच्या रुग्णांच्या पट्ट्या उमटल्या, भिंगरीची रांग कोरी. नवख्याने म्हटलं असतं, रक्तच खराब. पण रक्त चांगलं असल्याची खूण शेजारी ठळक दिसत होती, आणि मावशी या कामात मुरलेली. डीएनए असतो दोन पेडांचा. एखाद्या जनुकात तीच तीच अक्षरं शेकडो वेळा लागोपाठ आली, की एक पेड मागे वळून जोडीवर चढतो, तीन पेडांचा गुंता होतो, आणि नक्कल करणारं एन्झाइम तिथेच अडकतं; नक्कल नाही, म्हणून पट्टीही नाही. शरीरातही तोच गुंता त्या जनुकाचं तोंड बंद करतो. आधी तोल जातो, मग पाय, मग हृदय. तिने खात्रीची दुसरी तपासणी केली. तीही तेच म्हणाली.

तरी फोनवर मावशी म्हणाली, "ताई, नमुना बिघडला गं. परत घेऊ."

"म्हणजे काही सापडलं नाही ना?" ताईच्या जिवात जीव आला. "बरंच झालं की!"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मावशीला काय कळत नव्हतं? पण भाचीपुढे तिचं सगळं शहाणपण गहाण पडलं होतं.

दोन दिवसांनी ती सुई घेऊन घरी आली. भिंगरीने आपणहून बाही वर सारली. हल्ली बोलताना तिची जीभ जड व्हायची.

"मावशी, सॉरी हं. माझ्यामुळे तुला परत यावं लागलं. मी नीट जेवलेय, पाणीपण खूप प्यायलेय. या वेळी नाही बिघडणार."

मावशीने सुईला टोपण लावलं.

"तुझं रक्त बिघडलं नव्हतं, बाळा. मी खोटं बोलले. उत्तर पहिल्यांदाच आलं होतं."

"काय आलं?" ताईने दारातून विचारलं.

"डॉक्टरांना शंका होती, तेच."

ताई होती तिथेच खाली बसली. भिंगरी एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत राहिली. हात तिने मागे घेतलाच नाही.

"अजून एकदा घे ना," ती म्हणाली. "मला दुखत नाही."