ऊन झऱ्यावरचं लुगडं

सातपुड्यातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यानं सांधे बरे होतात, असं माझा मेहुणा लोटन सांगतो. त्याचे स्वतःचे अजून झाले नाहीत, तरी सांगतो. शहाऐंशीच्या पौषात तो आमच्या भटूच्या मायला, म्हणजे माझ्या बायकोला, तिकडं घेऊन गेला. आंघोळ केलेलं लुगडं तिथंच सोडायचं, आजार त्याच्यात राहतो, निघताना मागं वळून बघायचं नाही. तिनं सगळं केलं. चैत्रात ती गेली.

दहाव्यानंतर तिच्या बहिणींनी तिची लुगडी वाटून घेतली. मला कुणी विचारलं नाही. उरलं ते झऱ्यावर सोडलेलं एक. ते आणायचं म्हणून पुढच्या पौषात मी लोटनसोबत निघालो. त्याला वाटलं, मला अक्कल आली.

दोंडाईच्याहून एस.टी.नं गेलो, मग जंगलातून पायी. देव म्हणजे शेंदूर फासलेला दगड. झरा म्हणजे गुडघाभर डबकं, वर साबणाचा फेस. बरं व्हायला आलेली माणसं इतकी खोकत होती की धडधाकट माणूस आजारी पडावा. झाडाखाली सोडलेल्या कपड्यांचा ढीग होता. मी तो काठीनं उपसला. तिचं लुगडं त्यात नव्हतं.

मग दिसलं. बायकांच्या आंघोळीला आडोसा म्हणून बांबूंना बांधलेलं. जांभळं, काठाला तिनंच पिवळ्या दोऱ्यानं घातलेले टाके. मी बघत उभा राहिलो.

आडोशावरून एका म्हातारीनं मान वर काढली. "काय देखी ऱ्हायना रे भाऊ? घर बायको नही का?"

"नही," मी म्हणालो. "हाई लुगडं तिनंच शे."

"मंग आम्ही काय उघड्या बसूत?"

मी पिशवीतलं धोतर काढलं. इथं सोडायला म्हणून लोटननं आणायला लावलेलं. पाठ फिरवून मी ते मागं धरलं. म्हातारीनं आधी धोतर बांधलं, मग लुगडं सोडून माझ्या डोक्यावर फेकलं. ओलं होतं, धुराचा वास येत होता. तिचा नाही.

लोटन आंघोळ करून लंगडत आला. माझ्या खांद्यावर लुगडं पाहून थबकला.

"दाजी, आजार घर लई चालनात?"

"आजार आठे ऱ्हायना व्हता, मंग ती मरनी काबर?"

तो थोडं चालल्यावर म्हणाला, "निदान मांगे तरी देखू नका."

मी बघितलं. धोतर आखूड पडलं होतं, वाऱ्यानं वर उडत होतं, आणि म्हातारी ते एका हातानं धरून मला शिव्या घालत होती.