डाव्या पंखाखालची रिकामी जागा

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. हसू नका! तरुणपणी मी इतकं उंच उडायचं, की एकदा चंद्रालाच पंख घासला. त्याच्यावरचा डाग? माझाच!

माझी देखभाल करायचा एक मेकॅनिक. पोटाला थोपटून म्हणायचा, "चल राजा, उड!" बोनस मिळाला की आमच्याच कंपनीचे शेअर घ्यायचा. "परक्यावर कशाला भरवसा? आपलं विमान आपल्याला ठाऊक." मी फुगून जायचं.

मग महामारी आली. जगभर माणसं घरात कोंडली, तिकिटं कोण काढणार? आम्हाला मैदानात उभं केलं, इंजिनांची तोंडं बांधली. सगळीकडे चिडीचूप. शेजारच्या थोरल्या विमानाला तोडायला नेलं, तेव्हा वाटलं, आता पाळी माझीच.

मेकॅनिक माझ्या पंखाखाली बसून फोन बघायचा. शेअर रोज खाली. एकदा त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं, भाव मातीमोल झालाय. घ्यायची हीच वेळ! तुझं शिवणाचं दुकान विकू, सगळं इथं घालू. विमानं उडाली की दामदुप्पट!"

"आणि नाही उडाली तर?"

"न उडायला काय झालं?"

"विमानाला इंजिनं दोन लावता ना हो? मग घराला एकच? पगार तिथला, पुंजी तिथली, आता माझं दुकानही तिथंच?"

"तुला त्यातलं काय कळतंय! उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय दुकान बघायला."

मला ओरडावंसं वाटलं. पण तोंड बांधलेलं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्क लावलेले साहेब आले. "ह्याचं डावं इंजिन काढा, दुसऱ्याला लावू. हे काही आता उडत नाही." पाना मेकॅनिकच्याच हातात. पहिला बोल्ट ढिला झाला. मेकॅनिकनं पाना खाली ठेवला. त्यानं फोन काढला.

"अगं, गिऱ्हाइकाला नको म्हण."

"का हो? काय झालं?"

"राजाचं इंजिन काढतोय."

पुढे कंपनी बुडाली, शेअर गेले ते गेलेच. तो आता बायकोच्या दुकानात बटणं लावतो. वाकडी लावतो म्हणून बोलणी खातो, पण दोघं पोटभर जेवतात.

मित्रांनो, थकलेल्या यंत्रालाही अधूनमधून थोपटत जा. आणि एखाद्यावर कितीही जीव असला, तरी अख्खं घर त्याच्या एका पंखाला टांगू नका. डाव्या पंखाखालून वारा घोंघावत जातो ना, तेव्हा अजून मनात येतं. साहेबांच्या आधी ते गिऱ्हाईक आलं असतं तर?